अकराव्या सेकंदानंतर

विठ्ठलरावांच्या दुकानात छत्री टेकवायलाही जागा नव्हती, म्हणून मी ती हातातच धरून उभी होते. तिचं पाणी एका अनोळखी माणसाच्या बुटात गळत होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्याला आधीच कळलं असावं. त्याने पाय थोडा बाजूला घेतला... माझी छत्री हलली, तसा पुन्हा थोडा बाजूला.

"सॉरी," मी म्हणाले.

"असू द्या. दुसरा बूट कोरडा आहे."

असं म्हणून त्याने नाकावरचा चष्मा बोटाने वर सरकवला आणि मग हसला. आधी चष्मा, मग हसू. हा क्रम मी तेव्हाच टिपून ठेवला. टिपणं ही माझी सवय आहे. पिरंगुटच्या एका औषध कंपनीत मी गुणवत्ता तपासते. हातात मोजे असले की लिहिता येत नाही, म्हणून जे दिसतं ते छोट्या रेकॉर्डरमध्ये बोलून ठेवायचं आणि नंतर वहीत उतरवायचं. घरीही माझा असा एक रेकॉर्डर आहे. काहीजणी डायरी लिहितात, मी बोलते.

विठ्ठलरावांनी माझा टेपरेकॉर्डर उघडून त्याच्या पोटात डोकं घातलं होतं.

"म्याडम, ह्येचा पट्टा गेलाय. आन् असला पट्टा आता कुटंच मिळत न्हाई."

"मग?"

"मंग काय, दुसऱ्या टेपचा काढून बसवतो. लई दिवस चालायचा न्हाई, पर चालंल."

"किती दिवस?"

"आता ते मी कसं सांगू? टेप हाय, घड्याळ न्हाई."

"मला चोवीस कॅसेट वाजवायच्या आहेत. प्रत्येक एकदाच."

आता तो बुटवाला माणूस आमच्याकडे वळला. "एकदाच वाजवून त्यांचं काय करणार?"

खरं तर मी अनोळखी माणसांशी फारसं बोलत नाही. पण ज्याचा एक पाय आपण भिजवला आहे, त्याला निदान उत्तर तरी द्यायला हवं.

"संगणकात भरणार. मग त्या मस्कतला आणि परभणीला ऐकू जायला हव्यात. पाडव्याच्या आधी."

"गाणी?"

"नाही. माणसं."

मग मला सगळं सांगावं लागलं. आमच्या घरात दिवाळीची कॅसेट असते. अण्णा, म्हणजे माझे वडील, गंगाखेडला शाळेत शिक्षक होते. पंच्याऐंशी साली त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला आणि त्या पाडव्यापासून एक रीत पाडली. फराळाच्या आधी प्रत्येकाने टेपसमोर बसायचं आणि सरलेल्या वर्षाबद्दल दोन मिनिटं बोलायचं. नियम दोनच. खरं बोलायचं. आणि जो बोलतोय त्याला कुणी मध्येच थांबवायचं नाही. दुसऱ्या नियमामुळे आईची दोन मिनिटं कधी नऊच्या आत संपली नाहीत.

चोवीस वर्षं, चोवीस कॅसेट. पण या वर्षी आई मस्कतला होती, वहिनीच्या बाळंतपणासाठी. मनीषदादा अर्थातच तिथे. रोहिणीआत्या परभणीला. पिरंगुटच्या घरात अण्णा आणि मी दोघंच. "या वर्षी कॅसेट कशाला," असं अण्णा एकदा म्हणाले होते, आणि मग वर्तमानपत्र फार वेळ उलटंसुलटं करत राहिले होते. तेव्हाच मी ठरवलं होतं की या पाडव्याला ते सगळे आवाज सगळ्या घरांत एकदम वाजले पाहिजेत.

"म्हणजे तुम्हाला मीडिया सर्व्हर हवाय," तो म्हणाला. "घरातल्या एका संगणकात सगळं ठेवायचं, आणि ज्यांना आपण परवानगी देऊ त्यांनी आपापल्या घरी बसून ऐकायचं. मी केलाय ना माझ्याकडे. चोपड्यापासून नाशिकपर्यंत माझी आठ भावंडं आहेत, सगळी माझ्या सूसच्या फ्लॅटमधून गाणी ऐकतात. म्हणजे ऐकत होती. परवा व्होल्टेजनं याचा जीव गेला." त्याने काउंटरवरचा एक काळा डबा दाखवला, संगणकाला वीज पुरवणारा भाग तो.

"कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?"

"ते घरावर अवलंबून असतं. बघायला लागेल."

"बघाल?"

हा प्रश्न मी विचारला यावर माझाच विश्वास बसला नाही. विठ्ठलरावांनी टेपच्या पोटातून डोकं वर काढून दोघांकडे एकेकदा पाहिलं आणि पुन्हा आत घातलं.

"बघीन की," तो म्हणाला. "चहा मिळणार असेल तर. साखर दीड चमचा."

"दीड म्हणजे सपाट की शिगोशीग?"

मी गंभीरपणे विचारलं होतं. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग आधी चष्मा... मग हसू.

"सपाट," तो म्हणाला. "माझं नाव निषाद."

"सुलक्षणा."

"व्हय, झाली वळख," विठ्ठलराव आतूनच म्हणाले. "आता जरा उजेड सोडा माज्याकडं."

*

पहिल्या रविवारी निषाद आला तेव्हा माझी वही तयार होती. हिंजवडीच्या ज्या कंपनीत तो कामाला होता तिथेही एवढी तयारी कुणी करत नाही, असं तो म्हणाला. हे कौतुक होतं की चेष्टा, ते मला ठरवता आलं नाही.

वहीत पाच कसोट्या होत्या. एक, मराठी नावं नीट दिसली पाहिजेत. दोन, अण्णांना माझ्या मदतीशिवाय टीव्हीच्या रिमोटवरून चालवता आलं पाहिजे. तीन, वीज जाऊन आली की सर्व्हर आपोआप सुरू झाला पाहिजे. चार, आत्याच्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरही आवाज पोचला पाहिजे. पाच, बटण दाबल्यापासून आवाज सुरू होईपर्यंत जास्तीत जास्त पाच सेकंद, कारण त्याहून उशीर झाला की अण्णा पुन्हा बटण दाबतात.

"सहावी लिहा," निषाद म्हणाला. "कुणाला काय दिसू नये, ते ठरवता आलं पाहिजे."

"त्याची गरज नाही. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नसतं."

"सगळ्यांकडे काहीतरी असतं."

"आमच्याकडे नाही," मी म्हणाले आणि पाचव्या कसोटीखाली रेघ ओढली.

अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. "लिहून घे गं, सुलू. ते एवढं म्हणायलेत तर."

मी लिहिलं नाही.

पहिलं सॉफ्टवेअर पहिल्याच कसोटीला पडलं. 'पाडवा १९९१' च्या जागी नुसते रिकामे चौकोन. अण्णा म्हणाले, "हे आमच्या मनीषच्या अक्षरापेक्षा बरं आहे." निषाद इतका हसला की चष्मा सरकवायचं राहूनच गेलं. ही एकमेव नोंद वेगळी.

दुसऱ्या रविवारी दुसरं सॉफ्टवेअर. सगळं नीट चाललं होतं. मग पौड रस्त्याची वीज गेली, जशी ती रविवारी जातेच, आणि परत आली तेव्हा सर्व्हर मुका. मी वहीत लिहिलं, 'कसोटी तीन, अनुत्तीर्ण'. निषादने ते वाचलं आणि म्हणाला, "बिचारं. शाळेत असताना मलाही अशीच एखादी बाई भेटली असती तर मी आजपर्यंत दहावीलाच असतो."

"अभ्यास केला असतात तर नसतात."

"बाई शिकवायला असती तर केला असता."

मी चहा ओतत होते. कप बशीवर जरा जोरात टेकला.

अंधारात थांबलो होतो त्या अर्ध्या तासात आम्ही कॅसेट ऐकल्या, विठ्ठलरावांनी बसवलेल्या उसन्या पट्ट्यावर. टेप सेलवर चालत होता. खिडकीबाहेर पाऊस, समोरच्या पत्र्यावर त्याचा एकसारखा आवाज, आणि टेपमधून दहा वर्षांची मी. 'या वर्षी मी वर्गात दुसरी आले. पहिली आलेल्या मुलीने माझं उत्तर बघितलं होतं, पण मी सांगितलं नाही, कारण तिने मला तिचं मोरपीस दिलं होतं.'

"मोरपीस अजून आहे?" निषादने हळूच विचारलं.

"हो."

"म्हणजे तुम्ही लाच घेता."

"एकदाच घेतली आहे."

"पुढची काय असेल, ते कळलं तर बरं होईल..."

अण्णांनी नेमका तेव्हाच खोकला काढला.

*

तिसऱ्या रविवारी, चार ऑक्टोबरला, तिसरं सॉफ्टवेअर. मराठी नावं सुरेख दिसली. अण्णांनी एकट्याने रिमोट चालवून पंच्याण्णवची कॅसेट लावली आणि विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. मी मुद्दाम मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला, सर्व्हर आपोआप उठला. आत्याला फोन केला तर ती रडत होती. म्हणजे आवाज पोचला होता.

पाचवी कसोटी राहिली. माझ्या हातात घड्याळ, निषादच्या हातात रिमोट.

वाट बघत असताना तो सहज म्हणाला, "बरं झालं आजच संपतंय. दिवाळीत चोपड्याला जायचंय. घरच्यांनी एक स्थळ बघून ठेवलंय, मुलगी बघायचा कार्यक्रम आहे. सुट्टी आधीच टाकावी लागेल."

त्याने बटण दाबलं. मी घड्याळ सुरू केलं. आवाज आला. मी घड्याळ थांबवलं.

चार पूर्णांक सहा सेकंद.

"किती?" निषादने विचारलं.

मर्यादा पाच होती. सॉफ्टवेअर पास झालं होतं. आता वही मिटायची, चहा द्यायचा, आणि पुढच्या रविवारी... पुढच्या रविवारी काही नाही. त्या नंतरच्या रविवारी चोपडा.

मी वहीवर वाकले. आमच्या लॅबमध्ये आकडा कधी गिरवत नाहीत. चुकला तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, बाजूला योग्य आकडा, सही, तारीख. खाली काय होतं ते दिसत राहिलं पाहिजे. सात वर्षांत मी एकदाही गिरवलेलं नाही.

त्या दिवशी मी पाचाचे चार केले.

"चार पूर्णांक सहा," मी म्हणाले. "मर्यादा चारची आहे. नापास."

तो वहीकडे पाहत होता. बराच वेळ पाहत होता, असं मला वाटलं.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "मग पुढच्या रविवारी चौथं बघू. तोवर हे राहू द्या, काढायची घाई नाही."

अण्णा काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी तोंड मिटलं.

तो गेल्यावर मी आतल्या खोलीत बसले. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. जे वहीत लिहिता येत नव्हतं ते मी रेकॉर्डरमध्ये बोलून टाकलं. एक मिनिट चार सेकंद. मग बाहेर येऊन रेकॉर्डर चार्जिंगला लावला, नेहमीसारखा संगणकाच्या मागच्या बाजूला, आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

*

सोमवारी साडेपाचला कंपनीच्या फाटकातून बाहेर पडले तर परतीचा पाऊस कोसळत होता, आणि समोर, बंद टपरीच्या पत्र्याखाली, मोटारसायकल उभी करून निषाद.

"तुम्ही इथे?" मी म्हणाले. "आज सोमवार आहे."

"माहितीये." तो हसला नाही. चष्म्यालाही हात लावला नाही. "एक सांगायचंय. लॅबमध्ये तुम्ही फोन घेत नाही, आणि... फोनवर सांगण्यासारखं नाही."

मी पत्र्याखाली आले.

"तुमच्या सर्व्हरवर काल संध्याकाळी एक नवीन रेकॉर्डिंग आलंय. आज दुपारी जेवताना मला ते दिसलं. मला वाटलं, कॅसेट असेल. म्हणून लावलं. तुमचा आवाज होता. तारीख, वेळ, तिसरं सॉफ्टवेअर... आणि मग माझं नाव. तिथे मी बंद केलं."

पाऊस पडत होता हे मला माहीत होतं, पण त्याचा आवाज येईनासा झाला.

"किती ऐकलंत?"

"अकरा सेकंद."

"नक्की?"

"अकरा. मी ते काढूनच टाकलं असतं, पण तो अधिकार फक्त तुमच्या संगणकावर आहे. आणि ते सगळ्यांना दिसतंय, सुलक्षणा. मस्कतला. परभणीला. म्हणून अर्धी सुट्टी टाकून आलो."

चार्जिंगला लावलेला रेकॉर्डर माझ्या डोळ्यांसमोर आला. संगणकाच्या मागे, इमानदारीने लुकलुकत असलेला.

"या सॉफ्टवेअरची ती सवय आहे," निषाद म्हणाला. "नवीन काही जोडलं की ते स्वतःहून उघडून बघतं आणि यादीत टाकतं. नाही म्हणून सांगून ठेवलं नसेल तर."

"सहावी कसोटी," मी म्हणाले.

दुसरा कुणी असता तर 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला असता. तो फक्त खाली बघत होता. मीही बघितलं. माझ्या छत्रीचं पाणी त्याच्या बुटात गळत होतं.

"दुसरा कोरडा आहे?" मी विचारलं.

"आज दोन्ही भिजलेत," तो म्हणाला. "चला, सोडतो घरी."

मोटारसायकलवर मी दोघांच्या मधे पर्स ठेवून बसले होते. घोटावड्याच्या फाट्यावर खड्डा आला, पर्स पडता पडता मी सावरली, आणि माझा हात क्षणभर त्याच्या खांद्यावर टेकला. मग तो काढायला हवा होता. पुढे अजून खड्डे होते, असं कारण मी मनात नोंदवलं.

*

अण्णा टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही बंद होता. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निरागसपणा होता की मला तिथेच कळायला हवं होतं.

"आलात? दोघं? बसा की."

मी ओल्या पायांनीच संगणकापाशी गेले. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान असतं. कुणी काय ऐकलं, किती ऐकलं, कुठे थांबलं, त्याची नोंद. ते फक्त माझ्या संगणकावर उघडतं. मी ते उघडलं.

बैठकीतला टीव्ही: तीन वेळा, पूर्ण.

मस्कत: एक वेळ, पूर्ण.

परभणी: अर्धवट, जोडणी तुटली.

निषाद: शून्य मिनिटं, अकरा सेकंद.

अकरा. मी तो आकडा दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने. ज्या माणसाला कुणी बघत नव्हतं, ज्याचं स्वतःचं नाव त्या आवाजात आलं होतं, आणि ज्याला फक्त काही न करता बसून राहायचं होतं, त्याने अकराव्या सेकंदाला हात पुढे करून ते बंद केलं होतं.

"अण्णा," मी म्हणाले. "तीन वेळा?"

"पहिल्यांदा कॅसेट समजून ऐकलं," अण्णा म्हणाले. "दुसऱ्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणून."

"आणि तिसऱ्यांदा?"

"आवडलं म्हणून."

निषाद दाराशीच उभा होता, पडद्याकडे पाठ करून. "मी निघतो, काका. हे खाजगी आहे. तुम्ही ते निवांत काढून टाका."

"कुठं चाललात?" अण्णांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "तुम्ही अर्धवट ऐकलंय म्हणे. आमच्या घरात बोलणाऱ्याला मध्येच थांबवत नाहीत. चोवीस वर्षांचा नियम आहे."

"अण्णा!"

"काय अण्णा? बोललीस ना तू? खरं बोललीस ना? मग झालं." ते उठले. "मी चहा टाकतो."

अण्णांनी जन्मात चहा टाकलेला नाही. ते आत गेले, भांड्यांचा मोठा आवाज झाला, आणि मग त्यांनी आतून विचारलं, "साखर दीड चमचा ना? सपाट?"

निषादने माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले होते.

पडद्यावर बाण 'हटवा' या शब्दावर होता. माझं बोट बटणावर. एकदा दाबलं की संपलं असतं. त्याने पुन्हा कधी विचारलंही नसतं, एवढं मला आता आकड्यांनिशी माहीत होतं. तो चोपड्याला गेला असता. मी चौथं सॉफ्टवेअर पास केलं असतं.

मी बोट उचललं.

"या," मी म्हणाले. "तुमच्या नावाने उघडा."

तो आला, शेजारच्या स्टुलावर बसला. त्याच्या बाह्यांना पावसाचा वास होता. त्याने पासवर्ड टाकला. पडद्यावर प्रश्न आला: 'पहिल्यापासून, की थांबलात तिथून पुढे?'

"तुम्ही सांगा," तो म्हणाला.

"पहिले अकरा सेकंद तुम्हाला माहीत आहेत. पुढचे ऐका."

त्याने बटण दाबलं. चार सेकंद शांतता. मग माझा आवाज, लॅबमधला, सरळ, कोरडा.

'...निषाद यांचं सॉफ्टवेअर पाचही कसोट्यांना उतरलं. मी मर्यादा बदलली. पाचाचे चार केले. गिरवून. कारण ते पास झालं असतं तर पुढच्या रविवारी त्यांना यायचं कारण उरलं नसतं. आणि ते दिवाळीत मुलगी बघायला जाणार आहेत. इतर निरीक्षणं. साखर दीड चमचा, सपाट. हसण्याआधी चष्मा वर सरकवतात, एक अपवाद सोडून नेहमी. माझ्या छत्रीखालून पाय काढून घेताना मला कळू नये अशा बेताने काढतात. ते गेल्यावर खोली आहे तेवढीच असते, मी मोजपट्टीने मोजलेली आहे, तरी मोठी वाटते. निष्कर्ष...'

इथे मी थांबले होते. सहा-सात सेकंद नुसता श्वास. दूर शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी. आणि संपलं.

मी पडद्याकडेच पाहत होते. बाजूला पाहायची माझी हिंमत नव्हती. तेवढ्यात आतल्या खोलीतला फोन वाजला. अण्णांनी उचलला आणि आम्हाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "रोहिणी, थांब जरा. पुढचं अजून आम्हालाही कळलेलं नाही."

निषाद हसला. मी पाहिलं नाही, पण चष्मा वर सरकल्याचा बारीकसा आवाज मी ओळखला.

"वही कुठाय?" त्याने विचारलं.

मी वही उघडून समोर ठेवली. त्या गिरवलेल्या चारावर एक सरळ रेघ मारली. बाजूला पाच लिहिला. सही. तारीख. 'नापास' वरही एक रेघ, बाजूला 'उत्तीर्ण'. सही. तारीख.

"मी हे कालच पाहिलं होतं," तो म्हणाला. "पाच होता. पहिल्या रविवारपासून पाच होता. मला तुमची वही पाठ आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"कारण मला चार परवडत होता." तो वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होता. "आणि ते चौथं सॉफ्टवेअर... पुढच्या रविवारी बघू म्हणालो होतो ना? ते मी शोधणारच नव्हतो. आणि स्थळाचं मी तुमच्यासमोर बोललो, ते सहज नव्हतं. तुम्ही काही म्हणताय का ते बघायचं होतं. तुम्ही घड्याळाकडे बघत राहिलात."

"मी काम करत होते."

"तेच तर."

मी पेन त्याच्यासमोर धरलं. "इथे तपासणाऱ्याची सही लागते. एकटीने केलेली दुरुस्ती आमच्याकडे धरत नाहीत."

त्याने सही केली. पावसाने गार पडलेली बोटं माझ्या बोटांना लागली, आणि दोघांपैकी कुणीच हात मागे घेतला नाही. मी सहावी कसोटीही लिहून टाकली, सगळ्यात खाली, त्याच्या सहीसमोर: 'कुणाला काय दिसू नये, ते ठरवता आलं पाहिजे.' त्याने ती वाचली आणि मान हलवली.

"आता निष्कर्ष राहिलाय," तो हळूच म्हणाला.

आतमध्ये चहा उतू गेल्याचा आवाज झाला. अण्णा स्वतःशीच काहीतरी बोलले. पाऊस समोरच्या पत्र्यावर तसाच, एकसारखा.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदकाटा सरकत होता. मग मी त्याच्याकडे वळले, आणि जो एकाक्षरी शब्द तीन रविवार टाळला होता तो पहिल्यांदा वापरला.

"सॉफ्टवेअर पास झालंय. आता काही तपासायचं नाही. तरी तू पाडव्याला आमच्या कॅसेटमध्ये दोन मिनिटं बोलायला येशील? या वर्षी... आणि नंतरच्याही?"

उत्तर यायला दोन सेकंद लागले. मर्यादा पाचची होती.